घर विभागताना (लेखांक 5) : ताब्याआधी मुलाची गरज कशी तपासतात?

डिसेंबर 1962 मध्ये अमेरिकेतल्या एका मोटार अपघातात हॅरल्ड पेंटर यांची पत्नी आणि धाकटी मुलगी दगावल्या. मागे राहिला लहानगा मुलगा. एकट्याने त्याचे सगळे करणे जमेना, म्हणून पुढच्या वर्षी पेंटर यांनी त्याला आयोवा राज्यात, एम्स इथे राहणाऱ्या त्याच्या आजोळी ठेवले. 1964 च्या अखेरीस त्यांनी दुसरे लग्न केले आणि मुलाला परत मागितले. आजी-आजोबांनी नकार दिला. खालच्या न्यायालयाने बापाच्या बाजूने कौल दिला, पण 1966 मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आजोळ शिस्तीचे, स्थिर, चारचौघांसारखे. बाप मात्र कलंदर, नोकऱ्या बदलणारा, लेखन आणि छायाचित्रणात रमणारा. मुलगा आजोळीच राहावा, असे ठरले.

या निकालामागे एका बालमानसशास्त्रज्ञाची साक्ष होती. त्याने या प्रकरणासाठी सुमारे 25 तास दिले होते. मुलगा आजोबांनाच वडील मानू लागला आहे आणि आता त्याला हलवले तर इजा होण्याचा धोका मोठा आहे, असे त्याचे मत पडले. पण हे सगळे तास मुलगा आणि आजी-आजोबा यांच्यासाठीच खर्च झाले होते. ज्या बापाकडे मूल पाठवू नये असे तो सांगत होता, त्या बापाला तो भेटला नव्हता, त्याच्या नव्या पत्नीलाही नाही. पुढे 1968 मध्ये मुलगा कॅलिफोर्नियात बापाला भेटायला गेला, तिथल्या न्यायालयाने ताबा बापाकडे दिला आणि आजी-आजोबांनी त्याला विरोध केला नाही.

या प्रकरणात आई-बाप एकमेकांपासून वेगळे होत नव्हते, तरी ताब्याच्या मूल्यमापनाबद्दल बोलताना ते डोळ्यांआड करता येत नाही. तज्ज्ञ प्रामाणिक होता, मेहनतीही होता. पण तुलना दोन घरांची असताना त्याने एकच घर पाहिले होते.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ताब्याच्या मूल्यमापनासाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे 1994 मध्ये काढली; 2010 आणि 2022 मध्ये ती सुधारली. त्यांचा गाभा थोडक्यात असा : केंद्रस्थानी मुलाचे हित, माहिती एकाहून अधिक मार्गांनी गोळा केलेली, आणि ज्याला तपासले नाही त्याच्याविषयी ठाम निष्कर्ष नाही. शिवाय जो मुलावर किंवा पालकावर उपचार करतो, त्यानेच मूल्यमापनही करू नये.

‘आई चांगली की बाप चांगला?’ हा प्रश्न मूल्यमापन करणाऱ्याचा नसतो, हे अनेक पालकांच्या आणि कधी कधी वकिलांच्याही ध्यानात येत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो. या विशिष्ट मुलाला काय लागते आणि समोरच्या दोन माणसांपैकी कोण त्यातले काय देऊ शकते? दम्याच्या मुलाला रात्री धाप लागली की पंप कुठे ठेवलाय हे कोणाला ठाऊक आहे? वर्गशिक्षिकेचे नाव कोण सांगू शकते? भाषा उशिरा आलेल्या मुलीला वाचा-उपचारासाठी आठवड्यातून दोनदा नेणारे माणूस कोण? पालकाला ‘तुमचे मुलावर प्रेम आहे का?’ असे विचारून काहीच हाती लागत नाही. ‘तिला झोप लागत नाही तेव्हा तुम्ही काय करता?’ असे विचारले की बरेच लागते. आपल्याकडे तर या प्रश्नांची खरी उत्तरे अनेकदा आजीकडे किंवा सांभाळणाऱ्या मावशींकडे असतात. त्यांच्याशी न बोलता लिहिलेला अहवाल अर्धाच म्हणायचा.

म्हणून दोन्ही पालकांच्या स्वतंत्र मुलाखती, दोन्ही घरांना भेट, प्रत्येक पालकासोबत खेळताना-जेवताना मुलाचे निरीक्षण, शाळेची आणि डॉक्टरांची कागदपत्रे, नात्याबाहेरच्या माणसांशी बोलणे, इतके सगळे करावे लागते. मानसशास्त्रीय चाचण्याही घेतात, पण त्यांचा दबदबा त्यांच्या उपयोगापेक्षा मोठा आहे. 1940 च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेल्या एमएमपीआय चाचणीची 1989 ची आवृत्ती 567 विधानांची आहे. ती मानसिक आजार ओळखण्यासाठी बनवली होती, पालकत्व मोजण्यासाठी नव्हे. ताब्यासाठी भांडणारे पालक साहजिकच स्वतःला निर्दोष दाखवतात, त्यामुळे चाचणीतली ‘स्वतःला बरे दाखवण्याची’ मापे त्यांच्यात वर चढलेली दिसतात. हा खोटेपणा आहे की फक्त भीती, हे आकडा सांगत नाही. माणसाला भेटूनच ते कळू शकते.

सगळ्यात नाजूक काम मुलाशी बोलण्याचे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांचा एक प्रयोग या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचायला हवा. ‘सॅम स्टोन’ नावाचा एक पाहुणा बालवाडीत आला, दोन मिनिटे थांबला, कशालाही हात न लावता गेला. काही मुलांना तो येण्याआधीच सॅम किती वेंधळा आहे याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तो गेल्यावर पुढचे काही आठवडे त्यांना सूचक प्रश्न विचारले : सॅमने पुस्तक फाडले तेव्हा तो चिडला होता की चुकून फाटले? शेवटी नव्या माणसाने साधेपणाने विचारले, तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी 46 टक्के मुलांनी सॅमचा उपद्रव आपणहून सांगितला. अशा उपद्रवाबद्दल थेट विचारल्यावर हे प्रमाण 72 टक्क्यांवर गेले. ज्यांना ना गोष्टी सांगितल्या होत्या ना सूचक प्रश्न विचारले होते, त्यांच्यापैकी एकानेही आपणहून असे काही सांगितले नाही. पुढे या मुलांच्या चित्रफिती व्यावसायिकांना दाखवल्या, तेव्हा कोणते मूल खरे सांगते आहे हे त्यांनाही नीट ओळखता आले नाही.

याचा अर्थ मुलांवर विश्वास ठेवू नये असा मुळीच नाही. मारहाणीची किंवा लैंगिक छळाची तक्रार तर गंभीरपणेच घ्यायची असते. प्रयोगाने दाखवले ते मोठ्यांच्या विचारण्याबद्दल. ‘बाबा तुला ओरडतात ना?’ आणि ‘बाबांकडे गेल्यावर दिवस कसा जातो, सांग’ या दोन वाक्यांतून वेगवेगळे अहवाल तयार होऊ शकतात. आणि ‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न, जो लग्नाकार्यात पाहुणेसुद्धा हसत हसत विचारतात, तो मूल्यमापनात विचारूच नये. उत्तर कोणतेही दिले तरी मूल एका पालकाचा गुन्हेगार ठरते.

वयाप्रमाणे गरजा बदलतात, हे ज्युडिथ वॉलरस्टाइन आणि जोन केली यांनी 1971 पासून कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत केलेल्या अभ्यासाने ठळक केले. घटस्फोट घेणारी 60 कुटुंबे, 131 मुले. शाळेच्या वयाआधीची मुले सुटलेल्या सवयींकडे परत जातात आणि माझ्यामुळेच बाबा गेले असे मानतात. सहा ते आठ वयाची मुले उघड झुरतात. नऊ-दहाच्या पुढे राग येतो आणि एका पालकाची बाजू घेण्याकडे ओढ लागते. कुटुंबे बरीचशी सुस्थितीतली होती आणि घटस्फोट न झालेल्या घरांशी तुलना नव्हती, म्हणून हे निष्कर्ष सरसकट लावता येत नाहीत. तरी दहा वर्षांच्या मुलाचा तीव्र नकार ऐकताना हे वयाचे भान लागतेच.

महाराष्ट्रात हे काम बव्हंशी कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांवर येते. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या बाराव्या कलमानुसार न्यायालय वैद्यकीय किंवा कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञाची मदत घेऊ शकते. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा देतो. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांत एक पेच आहे. समुपदेशकापुढे बोललेले गोपनीय राहते. आणि त्याच समुपदेशकाकडून घरचे वातावरण, पालकांचे स्वभाव आणि मुलाशी असलेले नाते यांवर न्यायालय अहवालही मागवू शकते. जुळवून देणाऱ्याकडे माणूस मन मोकळे करतो, तपासणाऱ्यापुढे सावध बोलतो. ही दोन कामे शक्य तेथे दोन माणसांनी करावीत. जेथे ते जमत नाही, तेथे आज आपण कशासाठी बसलो आहोत हे पालकांना आणि मुलालाही आरंभीच सांगितले पाहिजे. मुलाला इतकेच पुरे : ‘तू सांगशील ते मी जजसाहेबांना कळवणार आहे, आणि ठरवणार ते आहेत, तू नाहीस.’

‘मुलाचे कान भरले’ हा आरोप आता जवळपास प्रत्येक चिघळलेल्या दाव्यात येतो. रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1985 मध्ये त्याला ‘पॅरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’ असे नाव दिले, पण 2013 च्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या सूचीत ते नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या एका निकालात ही संकल्पना वापरली. 2024 मध्ये मात्र बजावले की कोणत्या पालकाने नेमके कोणते वर्तन केले हे दाखवल्याखेरीज असा शिक्का मारण्याची घाई करू नये. ही भूमिका योग्य आहे. मूल भेटीला नकार देते त्यामागे शिकवणी असेल, खरी भीती असेल, किंवा शनिवारचा क्रिकेटचा सराव बुडतो एवढेच असेल. अहवालात कारण लिहिले पाहिजे, आणि ते कशावरून ठरवले तेही.

चार वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलेला अहवाल ती अकरा वर्षांची झाल्यावर कामाचा राहत नाही. ताब्याचे आदेश कायमचे नसतात आणि परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. शाळा बदलली, एखाद्या पालकाने दुसरे लग्न केले, बदली झाली, किंवा मूल स्वतः वेगळे काही मागू लागले, तर अर्ज करून नव्याने तपासणी मागता येते. असा अर्ज नेमका कसा करायचा आणि भेटीच्या वेळापत्रकात काय काय लिहून घ्यायचे, ते पुढच्या आठवड्यात.