सगळ्यात अवघड फोटो आधी ठरवा

दिवाळी तोंडावर आली की आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंड गुड्यांमध्ये, म्हणजे पाड्यांमध्ये, दंडारी नृत्याची पथके गावोगाव फिरू लागतात. मोरपिसांचे भलेथोरले टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुस्साडी रात्री अंगणात नाचतात आणि उजेड असतो तो एखाद्या हॅलोजनचा किंवा ट्यूबलाइटचा. नेमक्या याच दिवसांत सवलतींच्या जाहिरातीही झळकू लागतात, आणि दहा-वीस हजारांत एखादा छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा असे अनेकांच्या मनात येते. त्यात शाळेचे उपक्रम टिपणारे शिक्षक असतात, गावच्या बातम्या पाठवणारे हौशी वार्ताहर असतात, यूट्यूबवर काही करू पाहणारी मुले असतात. दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : किती मेगापिक्सेलचा आहे? माझ्या मते या प्रश्नानेच निम्मे पैसे वाया जातात. आधी स्वतःला विचारायला हवे की, मला हवा असलेला सगळ्यात अवघड फोटो कोणता? भर दुपारी शाळेच्या पटांगणात उभ्या केलेल्या मुलांचा फोटो कोणताही कॅमेरा चांगला काढतो. पैसे मोजायचे असतात ते अवघड फोटोसाठी, आणि तो अवघड का आहे हे कळले की कॅमेरा जवळजवळ आपोआप ठरतो.

मेगापिक्सेलचा हिशेब आधी मिटवून टाकू. लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे मोठे पान घ्या. इंचाला ३०० ठिपके या उत्तम प्रतीने ते छापायचे म्हटले तर सुमारे १ कोटी ९४ लाख ठिपके, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल लागतात. इंचाला २०० ठिपके धरले तर ९ मेगापिक्सेलमध्ये काम भागते, आणि हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक सहसा जाणवत नाही. साधे छोटे कॅमेरे गेली कित्येक वर्षे १६ ते २० मेगापिक्सेलचेच आहेत. म्हणजे मेगापिक्सेलपायी आपले काही अडत नाही. तरीही ऑनलाइन बाजारात अनोळखी नावाचे, तीन-पाच हजारांचे ‘४८ मेगापिक्सेल, ४के’ कॅमेरे खपतात. त्यांतल्या अनेकांमध्ये सेन्सर खरोखरचे त्याहून खूपच कमी ठिपके टिपतो आणि उरलेले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. असा माल ओळखायची खूण सोपी आहे : माहितीत सेन्सरचा आकार दिलेला नसतो आणि लेन्सच्या कडेला फोकल लेंग्थचा (लेन्स किती दूरचे जवळ आणते याचा) आकडा छापलेला नसतो. ज्या कॅमेऱ्यावर हे दोन आकडे नाहीत, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

आता रात्रीचा गुस्साडी घेऊ. अंधुक उजेडात नाचणारा माणूस स्पष्ट यायचा असेल तर शटर सेकंदाच्या निदान १२५व्या भागात मिटले पाहिजे. तेवढ्या क्षणात जो उजेड आत येईल तेवढ्यावरच फोटो होतो. उजेड किती येणार हे दोन गोष्टी ठरवतात : लेन्सचे छिद्र म्हणजे अॅपर्चर, आणि सेन्सरचे क्षेत्रफळ. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. ज्याला बाजारात एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. साध्या कॅमेऱ्याची लेन्स बहुधा एफ ३.३ पासून सुरू होते, तर सोनीच्या २०१२ सालच्या पहिल्या आरएक्स१००ची एफ १.८ पासून. हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि एवढ्या फरकाने उजेड तिपटीहून जास्त वाढतो. हॅलोजनच्या ज्या उजेडात आरएक्स१००ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पुरतो, तिथे साध्या कॅमेऱ्याला ५४००च्या आसपास जावे लागते, तेही चौथ्या हिश्श्याएवढ्या सेन्सरवर. परिणामी मोरपिसांचे बारीक तंतू मिटतात, चेहऱ्यावरची राख आणि सावली एकमेकांत कालवली जाते आणि सगळीकडे रंगीत खडबड दिसू लागते. मात्र एक पथ्य आहे : एफ १.८ चा लाभ झूम न करता, जवळ उभे राहूनच मिळतो. पूर्ण झूम केल्यावर आरएक्स१००ची लेन्स एफ ४.९ वर येते. कॅननच्या २०१४च्या जी७एक्समध्ये झूमच्या टोकालाही एफ २.८ टिकतो, म्हणजे तिथे जवळपास तिप्पट उजेड मिळतो. त्यामुळे लेन्सवर छापलेले अॅपर्चरचे दोन्ही आकडे वाचावेत, पहिला पाहून भुलू नये.

दुसऱ्या प्रकारचा अवघड फोटो अंतराचा. सातनाला जलाशयाच्या काठावरचा पक्षी, सभेतला व्यासपीठावरचा वक्ता, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धावणारी मुलगी. इथे उजेड भरपूर असतो, पण जवळ जाता येत नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबाने फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिलिमीटरची असते. ५० मीटर अंतरावर तिच्या चौकटीत जवळपास ७५ मीटर रुंदीचा देखावा मावतो, आणि त्यात पक्षी म्हणजे एक ठिपका. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स७४० एचएसची लेन्स त्याच हिशेबाने २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे ४० पट ऑप्टिकल झूम. त्याच ५० मीटरवर तिची चौकट दोन मीटरांहूनही अरुंद होते आणि तोच पक्षी चौकटीत ठळक दिसतो. या कॅमेऱ्याचा सेन्सर तोच लहान, १/२.३ इंची आहे. तो रात्री थकतो, पण उन्हात चोख काम करतो. डिजिटल झूमचा आकडा मात्र हिशेबात धरूच नये. त्यात फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो, आणि ते काम घरी आल्यावर फुकटात करता येते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, खिशात फोन असताना वेगळा कॅमेरा हवा कशाला? आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. मध्यम किमतीच्या अनेक फोनांचा मुख्य सेन्सर आज साध्या कॉम्पॅक्टच्या १/२.३ इंची सेन्सरपेक्षा मोठा असतो आणि लेन्सही एफ १.८ च्या आसपासची असते. शिवाय फोन क्षणार्धात अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो, त्यामुळे स्थिर देखावा रात्रीही लखलखीत येतो. म्हणून घरगुती समारंभ, कागदपत्रे, शाळेचा गट किंवा कुंतल्याच्या धबधब्यासमोर उभे कुटुंब एवढीच गरज असेल तर कॅमेरा घेऊच नये. तुषारांच्या माऱ्यात तर पाणीरोधक फोनच बरा. पण अनेक फोटो एकत्र करण्याची युक्ती हलणाऱ्या माणसापुढे लंगडी पडते, कारण पहिल्या फोटोत नाचणाऱ्याचा हात एका जागी असतो आणि पुढच्यात दुसऱ्या जागी. तिथे पुन्हा एकाच क्षणातला उजेड मोजावा लागतो, आणि मध्यम फोनाच्या तुलनेत एक इंची सेन्सरचे क्षेत्रफळ साधारण दुप्पट ते चौपट भरते. दूरच्या फोटोत तर एवढ्या मोठ्या ऑप्टिकल झूमला मध्यम किमतीच्या फोनाकडे उत्तरच नाही. फोनने साध्या कॅमेऱ्याचा बाजार उठवला हे खरे. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर जवळपास ११ कोटी कॉम्पॅक्ट कॅमेरे रवाना झाले होते, २०२३ मध्ये ते १७ लाखांच्या घरात आले. कॅसिओने २०१८ मध्ये हा धंदाच सोडला. पण जे सोपे काम फोन करतो तेच करणारे कॅमेरे यात आधी बुडाले, आणि खरेदीदाराने यातून तोच धडा घ्यायचा आहे : फोनला जे जमते त्यासाठी पुन्हा पैसे मोजू नयेत.

दुसरा आक्षेप असा की, थोडे थांबून आणखी पैसे साठवावेत आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेराच घ्यावा. ज्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करायचा आहे त्याने जरूर तसे करावे. रात्रही हवी आणि लांबचेही हवे, अशी गरज असेल तर कोणताही छोटा कॅमेरा ती भागवणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. पण मोठ्या कॅमेऱ्याची किंमत बॉडीपाशी थांबत नाही. सोबत मिळणारी लेन्स बहुधा एफ ३.५ ते ५.६ ची असते, आणि रात्रीसाठी वेगळी लेन्स घेईपर्यंत बजेट दुप्पट होते. केसलापूरच्या नागोबा जत्रेच्या गर्दीत पिशवीभर सामान सांभाळण्यापेक्षा शर्टाच्या खिशात मावणारा कॅमेरा जास्त वेळा बाहेर निघतो, आणि जो बाहेर निघतो तोच फोटो काढतो.

दहा-वीस हजारांच्या बजेटात एक इंची सेन्सर नवा मिळणे कठीण, म्हणून वाट जुन्या मालाकडे वळते. तिथे लोक बिचकतात, आणि ते योग्यच आहे. मधल्या काळात जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची फॅशन आल्याने काहींचे भाव विनाकारण चढलेत. पण तपासणी अवघड नाही. आपले कार्ड घेऊन जावे. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो पूर्ण झूम करून काढावा आणि मोठा करून पाहावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ बसली आहे. या लेन्स नळीसारख्या बाहेर येतात आणि आत जाताना धूळ ओढून घेतात. कापसाच्या हंगामात जिथे हवेत धूळ आणि तंतू उडत असतात, त्या आपल्या भागात हा दोष हमखास सापडतो, आणि लेन्स उघडून साफ करणे घरी जमत नाही. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एखाद्याला हात हलवायला सांगून फोटो घ्यावा. बॅटरी फुगलेली नाही ना आणि तीच बॅटरी आजही नवी मिळते का, ते विचारावे. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत, आणि काहींना तर आता बाजारात न मिळणारीच कार्डे लागतात. नवा घेणार असाल तर भारतातल्या वॉरंटीसह पक्के बिल घ्यावे. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ‘बिलाशिवाय स्वस्त’ या बोलीत आता पूर्वीइतका फायदा नाही. बिघाड झाला तर कंपनीच्या सेवेसाठी सुमारे ३०० किलोमीटरवरचे हैदराबाद किंवा २००च्या आतबाहेरचे नागपूर गाठावे लागू शकते, हा खर्चही किमतीतच धरावा.

फोटो कशासाठी काढायचा याचे उत्तर याच मातीत आहे. १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईत राहून गोंडांचे जीवन टिपले. त्यांची छायाचित्रे आज लंडनच्या सोआस विद्यापीठात जपलेली आहेत. त्याच मारलवाईच्या कनक राजूंना गुस्साडी नृत्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. ती छायाचित्रे आज उपयोगी पडतात, कारण कोणी तरी ती तारीख-गावासह सांभाळली. म्हणून बजेटातले दोन हजार कॅमेऱ्यावर न घालता एका हार्ड डिस्कसाठी बाजूला ठेवा, आणि प्रत्येक फोटो दोन ठिकाणी साठवा. पूजेच्या वेळी आधी परवानगी विचारा, नाचणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. दहा हजारांच्या आत नवा कॅमेरा घेण्याचा विचार सोडा आणि फोनवरच काम चालवा. उन्हातले दूरचे फोटो हवे असतील तर ३०-४० पट ऑप्टिकल झूमचा कॅमेरा घ्या, रात्रीचा नाच हवा असेल तर तपासून घेतलेला जुना एक इंची. आणि ज्यांचे फोटो काढाल, त्यांच्या घरी एक छापील प्रत नक्की पोहोचवा.