पोरींच्या क्रिकेटमागची माणसं

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला. त्याआधी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार करताना जेमिमा रॉड्रिग्स नाबाद १२७ वर उभी होती. सांगलीची स्मृती मानधना उपकर्णधार होती, तर प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. ते स्वतः भारताकडून एकही सामना खेळू शकले नव्हते. घरोघरी टीव्हीपुढे जल्लोष झाला, बाहेर फटाके वाजले. पण हा चषक एका रात्रीत आलेला नाही. ज्यांची नावं धावफलकावर कधीच लागत नाहीत अशा कितीतरी माणसांनी त्यासाठी पन्नास वर्षं खस्ता खाल्ल्या. ती माणसं नेमकं काय करत होती, हे गोव्यातल्या आपल्या केरीसारख्या गावाने समजून घ्यायला हवं. कारण त्यातलं बरंचसं इथेही करता येण्यासारखं आहे.

रिक्षातून दिलेली हाक

१९७० च्या सुमाराला मुंबईत आलू बामजी यांनी 'अल्बीज' नावाचा मुलींचा क्रिकेट क्लब काढला. उत्तरेत लखनौला महेंद्रकुमार शर्मा नावाचे गृहस्थ मुलींचे खेळ भरवत असत. रिक्षात लाउडस्पीकर लावून ते मुलींच्या क्रिकेटची जाहिरात करत गावभर फिरायचे, असं त्या काळचे लोक सांगतात. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदवली आणि त्याच वर्षी पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढची स्पर्धा वाराणसीत झाली तेव्हा संघ आठ झाले होते. म्हणजे खेळू इच्छिणाऱ्या मुली आधीपासून होत्याच, त्यांना बोलावणारं कोणी नव्हतं.

ऑक्टोबर १९७६ च्या अखेरीस बंगळूरला भारताच्या महिला पहिली कसोटी खेळल्या, वेस्ट इंडिजविरुद्ध. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांनी पदार्पणाच्या त्या डावात लेगस्पिनवर पाच बळी घेतले. पुढे त्या भारताच्या कर्णधारही झाल्या. पण त्यांचं त्याहून मोठं काम खेळणं थांबल्यानंतरचं आहे. त्या महिला संघटनेच्या सचिव झाल्या. त्यांच्याआधी हे पद सांभाळणाऱ्यांत सुनील गावसकरांच्या भगिनी नूतन गावसकर होत्या. संघटनेकडे पैसा नसायचा. खेळाडू आरक्षण नसलेल्या डब्यांतून प्रवास करत, मोठ्या खोल्यांत जमिनीवर झोपत. परदेश दौरा ठरला की आधी तिकिटांसाठी दारोदार फिरावं लागे. २००५ साली भारत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, तेव्हा एका सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचं त्या संघाची कर्णधार मिताली राजने नंतर सांगितलं आहे.

या काळात अनेक खेळाडूंच्या घरची चूल रेल्वेने पेटती ठेवली. माजी कर्णधार डायना एदलजी यांनी पाठपुरावा करून महिला क्रिकेटपटूंना रेल्वेत नोकऱ्यांची वाट मोकळी केली. महिना भरला की पगार येतो म्हटल्यावर घरच्यांचा विरोधही मावळायचा.

२००६ मध्ये महिला संघटना क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली, तेव्हा सचिवपदी शुभांगी कुलकर्णीच होत्या. वार्षिक करार मात्र २०१५ साली आले. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं करण्याची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. तिचे पाच संघ ४,६६९.९९ कोटी रुपयांना विकले गेले.

घर, शाळा आणि एक मैदान

सांगलीत स्मृतीचा भाऊ श्रवण क्रिकेट खेळायचा आणि वडील श्रीनिवास त्याला घेऊन जायचे. मागोमाग ही जाऊ लागली. अकराव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघात होती. तिला घडवणारे प्रशिक्षक अनंत तांबवेकरही सांगलीचेच. मुंबईत इव्हान रॉड्रिग्स यांनी लेकीच्या शाळेत मुलींचा संघच उभा केला, म्हणून जेमिमाला खेळायला सोबतिणी मिळाल्या. सोलापूरची किरण नवगिरे आधी भालाफेक करायची आणि क्रिकेटकडे उशिरा वळली. पुढे नागालँडकडून खेळताना २०२२ साली तिने एका टी-ट्वेंटी सामन्यात ७६ चेंडूंत १६२ धावा केल्या. महिला प्रीमियर लीगमध्ये ती उतरली तेव्हा बॅटला प्रायोजक नव्हता, म्हणून धोनीची आद्याक्षरं आणि ७ हा आकडा तिने स्वतःच बॅटवर लिहिला होता.

गोव्याचं मोठं उदाहरण शिखा पांडेचं. वडील केंद्रीय विद्यालयात हिंदीचे शिक्षक. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकता शिकता ती गोव्याकडून खेळत होती. पदवी हातात आल्यावर तिने नोकरी न धरता एक वर्ष क्रिकेटला दिलं आणि मग हवाई दलात हवाई वाहतूक नियंत्रक अधिकारी झाली. २०१४ मध्ये ती भारताकडून खेळली. गोव्याच्या संघातून भारतीय महिला संघात पोचलेली ती पहिली खेळाडू. २०१७ ला लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना ती खेळली आणि २०२० ला मेलबर्नमधला टी-ट्वेंटीचाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अलिसा हिलीला तिने ऑफ स्टंपच्या बरंच बाहेर टाकलेला चेंडू गर्रकन आत वळला आणि दांडी उडाली. ती चित्रफीत जगभर फिरली. आईवडिलांनी दिलेला वेळ, राज्याचा संघ आणि पगाराची नोकरी, या तिन्हींतलं एक जरी नसतं तरी हा प्रवास अवघड होता.

केरीपासून पर्वरीपर्यंत

आता आपल्याकडे पाहू. केरी पेडणे तालुक्याच्या टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी. समोर किल्ला, मध्ये फेरीबोट आणि किनाऱ्यावर सुरूंची रांग. भातकापणी आटोपली की पेडणे, डिचोली, सत्तरी सगळीकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि मे सरेपर्यंत चालतात. संयोजन, पंच, समालोचन, चषक, जेवण हे सगळं गावातली मुलंच करतात. स्पर्धा भरवण्याची अक्कल गावात आहे. तिथे मुलींच्या सामन्याचा विषय काढला की 'चेडवां खंय क्रिकेट खेळतत?' असं कोणीतरी हसून म्हणतं, आणि बोलणं तिथेच थांबतं.

राज्याच्या संघाचा दरवाजा पर्वरीला आहे, गोवा क्रिकेट असोसिएशनच्या अकादमीत. केरीहून तिथवर पस्तीस-चाळीस किलोमीटर. म्हापशाला बस बदलून बारा-तेरा वर्षांची मुलगी किट घेऊन रोज एकटी जाणार नाही, आणि शाळा सुटल्यावर निघाली तर परतायला रात्र होईल. त्यामुळे सुरुवात गावातच व्हायला हवी.

दुसरा अडथळा चेंडूचा. टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा असतो. महिलांच्या सामन्यातला लेदर बॉल १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण टेनिस बॉलच्या अडीचपट जड. तो पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेटशिवाय खेळता येत नाही आणि खेळूही नये. टेनिस बॉलवर नजर आणि फटका तयार होतो, पण उसळी, स्विंग आणि सीम कळायला लेदर बॉलच लागतो. निवड चाचणीला गेलेल्या मुलीच्या हातात तो पहिल्यांदाच पडला, तर तिची गुणवत्ता दिसण्याआधी तिची भीती दिसते.

यावर उपाय फार महागडा नाही. पंचक्रोशीतल्या दोन-तीन शाळांनी मिळून एक सिमेंटची पट्टी, वर मॅट आणि भोवती जाळी एवढं केलं, आणि पॅड-हेल्मेटचे दोन-तीन सामाईक संच घेतले, तरी वीस मुली आलटूनपालटून सराव करू शकतात. मैदान थोडं लहान असलं तरी अडत नाही. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातही सीमारेषा ६० ते ७० यार्डांवरच असते. गावात राज्याकडून किंवा तालुक्याकडून लेदर बॉलवर खेळलेला एखादा काका, दादा असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याने शिकवावं. एखादी ताई किंवा शिक्षिका सरावाला हजर राहिली तर आयाही निर्धास्तपणे पाठवतील. ज्या मुलींना खेळायचं नाही त्यांना गुणलेखन शिकवता येईल, पंचगिरीही. तीही क्रिकेटमधली कामंच आहेत.

राज्य पातळीवर १५, १९ आणि २३ वर्षांखालच्या मुलींचे संघ निवडले जातात. १९ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारताने २०२३ आणि २०२५ असा लागोपाठ जिंकला आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला वर चढायला आज पायऱ्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वी त्या नव्हत्या. वानवा आहे ती तिला पहिल्या पायरीपर्यंत नेणाऱ्यांची.

या दिवाळीत वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहतील, त्यासाठी वर्गणीही जमेल. त्यानंतर लगेच टेनिस बॉलच्या स्पर्धांची पत्रकं निघतील. संयोजकांना एकच विनंती : वर्गणीतला थोडा वाटा किटसाठी बाजूला ठेवा, आणि अंतिम फेरीच्या दिवशी दुपारचा एक सामना मुलींसाठी राखा. माईकवरून त्यांची नावं त्यांच्या वाड्यासकट पुकारा. पहिल्या वर्षी सात-आठच मुली आल्या, तरी सामना रद्द करू नका.