कॅमेरा छोटा, पण पल्ला किती?

कार्ल्याच्या चैत्यगृहात भर दिवसाही स्तूपाजवळ अंधूकच असतं. उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी भागातल्या मोठ्या नालाकृती गवाक्षातून. छताच्या लाकडी फासळ्या नीट दिसाव्यात म्हणून फोटो उजळ घेतला, की गवाक्ष पांढरंफटक पडतं. गवाक्ष सांभाळावं, तर फासळ्या काळोखात जातात. अशा वेळी कामी येतं ते एक्स्पोजर ब्रॅकेटिंग. कॅमेरा एकाच दृश्याचे कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे फोटो पाठोपाठ काढतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ते एकत्र करता येतात. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकातच समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह जोडून चित्रं छापली होती.

कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना माहितीपत्रकात ‘ब्रॅकेटिंग’ हा शब्द दिसला, की गिऱ्हाईक निश्चिंत होतं. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. दोन फोटोंत अंतर किती स्टॉपचं ठेवता येतं? एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मधला फोटो १/६० सेकंदाचा असेल, तर उणे-अधिक दोन स्टॉपला बाकीचे दोन साधारण १/२५० आणि १/१५ सेकंदाचे होतात. सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ फोटोत सोळा पटींचा फरक पडतो.

सोनीचा २०१२ मधला पहिला आरएक्स१०० बघा. एक इंची सेन्सर, सलग फोटोंचा वेग सेकंदाला १० पर्यंत, आणि तरीही ब्रॅकेटिंग फक्त उणे-अधिक ०.७ स्टॉप. म्हणजे दोन टोकांत जेमतेम अडीच पटींचा फरक. चैत्यगृहात त्याने भागणार नाही. उलट कॅननचा २००९ चा पॉवरशॉट एस९० दोन स्टॉपपर्यंत जातो, पण तो सेकंदाला एक फोटोसुद्धा धड काढत नाही. तेवढ्यात हात हलतो. सेकंडहँड बाजारात हे दोन्ही मिळाले, तर अशा कामासाठी एस९० अधिक उपयोगी, मात्र कठड्यावर टेकवून.

‘एचडीआर’ या बटणाला भुलू नये. ते बहुधा आतल्या आत मिसळलेला एकच तयार फोटो हातात देतं. वेगळे फोटो हवे असतील, तर ब्रॅकेटिंगच लागतं.

दुकानात कॅमेरा हातात घेऊन खिडकीकडे रोखावा. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड लावावा, म्हणजे फोटोगणिक फक्त शटरचा वेळ बदलेल. ऑटो आयएसओ बंद करावा. बटण एकदाच दाबल्यावर तिन्ही फोटो निघतात का, ब्रॅकेटिंगबरोबर सेल्फ-टायमर चालतो का आणि फोटो रॉ स्वरूपात साठवता येतात का, हे तिथल्या तिथे तपासून घ्यावं. सेल्फ-टायमरचं महत्त्व ट्रायपॉड वापरणाऱ्याला लगेच पटेल: बोटाच्या दाबाने बसणारा हलकासा झटकाही १/१५ सेकंदाच्या फोटोत उमटतो.