घासलेटच्या डब्यावरची कंपनी

घासलेट, रॉकेल, मातीचे तेल. एकाच तेलाची ही तीन नावे. इंग्रजीत गॅसच्या उजेडाला 'गॅसलाईट' म्हणत. आपल्या लोकांच्या जिभेवर त्याचे 'घासलेट' झाले. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑईल', खडकातले तेल.

हे तेल पूर्वी चौकोनी पत्र्याच्या डब्यातून येई. डबा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा. तेल संपले तरी डबा वाया जात नसे. त्याला आडवी दांडी ठोकून बाया पाणी भरत. कोणी त्यात धान्य ठेवी, कोणी तो कापून छपराला पत्रा लावी. अशा पुष्कळ डब्यांवर आणि पेट्रोलपंपांच्या पाट्यांवर एक नाव असे : बर्मा-शेल.

ही बर्मा-शेल कोण? तिचे तेल कुठून येई? आणि त्या तेलाचा भाव कोण ठरवी? या तिसऱ्या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्या.

बर्मा-शेल ही दोन कंपन्यांची भागीदारी होती. पहिली बर्मा ऑईल. ती १८८६ साली स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी काढली. ब्रह्मदेशात जमिनीखाली तेल होते. ते काढायचे आणि हिंदुस्थानात विकायचे, हा तिचा धंदा. दुसरी शेल. शेल म्हणजे शिंपला. लंडनमधल्या एका घराण्याचा शिंपले विकण्याचा व्यापार होता. त्यातल्या मार्कस सॅम्युएल याने पुढे तेलाचा व्यापार सुरू केला. १८९२ साली त्याचे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. पुढे ही कंपनी हॉलंडच्या रॉयल डच कंपनीशी एक झाली आणि जगभर पसरली. मालक एका देशात, विहिरी दुसऱ्या देशात आणि गिऱ्हाईक तिसऱ्याच देशात, असा तिचा कारभार. अशा कंपनीला बहुराष्ट्रीय कंपनी म्हणतात.

आता एक गंमत पाहा. १९२७ साली अमेरिकेची एक बडी तेल कंपनी रशियाचे स्वस्त घासलेट आणून हिंदुस्थानात विकू लागली. शेलला राग आला. तिनेही भाव पाडला. दोघांची चढाओढ लागली. गिऱ्हाइकाचे तेवढे दिवस बरे गेले. पण बाजारात दोन अडते भांडू लागले तर किती दिवस भांडतील? दोघांनाही तोटा दिसला की ते रात्री एका ओट्यावर बसतात आणि सकाळी भाव एकच निघतो. इथेही तसेच झाले. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या अक्नॅकॅरी नावाच्या वाड्यात जगातल्या बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख जमले. आपसात लढायचे नाही, ज्याचा जेवढा बाजार आहे तेवढा त्याच्याकडे राहू द्यायचा, असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या विक्रीसाठी बर्मा ऑईल आणि शेल यांनी हातमिळवणी केली. तीच ही बर्मा-शेल.

पुढे १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. तेल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिथल्या विहिरी आणि कारखाना इंग्रजांनी स्वतःच मोडून टाकला. तिकडचे तेल बंद झाले. मग इराणच्या आखाताकडून येणाऱ्या तेलावर आपली मुख्य भिस्त राहिली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारला वाटले, तयार तेल बाहेरून आणण्यापेक्षा कच्चे तेल आणून इथेच शुद्ध करावे. परंतु त्यासाठी लागणारा पैसा आणि माहितगार माणसे तेव्हा आपल्याजवळ नव्हती. म्हणून १९५१ साली परदेशी कंपन्यांशी करार झाले. मुंबईला तुर्भ्याजवळ, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५४ साली स्टॅनव्हॅक या अमेरिकन कंपनीचा कारखाना सुरू झाला. त्याच्या शेजारी माहूल गावाजवळ बर्मा-शेलचा कारखाना ३० जानेवारी १९५५ रोजी चालू झाला. जहाजे मुंबई बंदरातल्या बुचर बेटाला लागत. या बेटाला आता जवाहर द्वीप म्हणतात. तिथून नळाने तेल कारखान्यात जाई.

कच्चे तेल शुद्ध कसे करतात? कच्चे तेल म्हणजे क्रूड. ते काळे, दाट असते. (आपल्याकडे विहिरीवरच्या इंजिनाच्या डिझेललाही जुनी माणसे 'क्रूड' म्हणतात. ते खरे क्रूड नव्हे.) हे तेल भट्टीत खूप तापवतात. मग ते एका उंच लोखंडी मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली फार गरम आणि वर कमी गरम असतो. तेलाची वाफ वर चढू लागते. जड वाफ लवकर निवते, तिचे खालीच तेल होते. हलकी वाफ वरपर्यंत जाते. अगदी वर गॅस आणि पेट्रोल, मध्ये घासलेट, त्याखाली डिझेल, आणि तळाशी जो काळा गाळ उरतो त्याचे डांबर. सडकेवरचे डांबर आणि चुलीजवळचा गॅस ही एकाच तेलाची लेकरे आहेत.

कंपनीने कामही केले, हे सांगितले पाहिजे. तिने गावोगाव तेल पोचवले, रेल्वेच्या टाक्यांची सोय केली. १९५५ च्या सुमारास 'बर्शेन' नावाने स्वयंपाकाच्या गॅसची टाकी घरात आणली तीही बर्मा-शेलनेच. मोट जाऊन विहिरीवर इंजिन आले, त्यालाही याच कंपन्यांचे तेल लागे. तेव्हा नुसते शिव्याशाप देऊन भागत नाही. पण भावाचा हिशेब निराळा होता.

१९४८ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे तेलाचा मूळ भाव धरीत तो अमेरिकेतल्या मेक्सिकोच्या आखातावरच्या बंदराचा. तेल मात्र येई इराणच्या आखातातून! मूळ भावावर जहाजभाडे, विमा, जकात आणि कंपनीचे कमिशन चढवायचे. मग तेल काढायला खरा खर्च किती आला, ते आपण विचारायचेच नाही. संगमनेरच्या मळ्यातला कांदा नगरच्या बाजारात आला आणि व्यापारी म्हणाला, "याचा भाव दिल्लीचा धरू", तर तुम्ही काय म्हणाल?

१९६० साली रशियाने आपल्याला स्वस्तात कच्चे तेल देऊ केले. तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना विचारले, "हे तेल तुमच्या कारखान्यात शुद्ध करून द्याल का?" कंपन्यांनी नकार दिला. कच्चे तेल आम्हाला हवे तिथून आणू, अशी मुभा त्यांना करारातच होती.

स्वस्त माल नको, असे व्यापारी का म्हणतो? समजा, एका माणसाचे तेलाचे घाणे आहेत आणि त्याच्याच भावाचा शेंगांचा व्यापार आहे. शेंगा महाग घेतल्या तर घाण्याला नफा कमी दिसतो. पण पैसा घरातच राहतो, भावाच्या पेटीत. गावाला मात्र सांगता येते, "बघा, आम्हाला काही सुटत नाही!" बर्मा-शेलच्या मागे असलेल्या कंपन्यांचा परदेशातल्या विहिरींत वाटा होता. खरी कमाई कच्च्या तेलात होती. रशियाचे तेल घेतले असते तर ती बुडाली असती. तरीही रशियाच्या भावाचा धाक पडलाच. कंपन्यांना आपल्या कच्च्या तेलावर सूट द्यावी लागली.

मग सरकारने के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ साली आला. तेव्हापासून सरकार तेलाचा भाव तपासून ठरवू लागले. पण हिशेबाचा पाया परदेशी भावाचाच राहिला.

दुसरीकडे आपणही हातपाय हलवू लागलो. १९५६ साली तेल शोधण्यासाठी सरकारी आयोग स्थापन झाला. तोच आताचा ओएनजीसी. १९५९ साली विक्रीसाठी इंडियन ऑईल निघाली. १९६० साली गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागले.

आणि १९७३ साली अरब-इस्रायल लढाई झाली. थोड्याच महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्या वेळी मी शाळेत होतो. रेशन दुकानापुढे डब्याबाटल्यांची रांग लागे. माणूस घरी जाई आणि नंबर धरायला डब्यात दगड ठेवी. अभ्यास दिवसाउजेडी उरका, असे घरोघर सांगत.

अशा वेळी फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्राच्या तळाखाली तेल शोधले. ते बॉम्बे हाय. २१ मे १९७६ रोजी तिथून तेल निघू लागले. त्याच काळात कंपन्याही आपल्या हाती आल्या. स्टॅनव्हॅकचे नाव तोवर एस्सो झाले होते. ती १९७४ साली सरकारने घेतली, तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. २४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेल घेतली. १९७७ साली तिचे नाव भारत पेट्रोलियम झाले. परदेशी मालक गेले. कारखाना, टाक्या आणि कामगार इथेच राहिले. भावाची पद्धतही बदलली. परदेशी भाव सोडून इथला खर्च आणि ठराविक नफा धरू लागले.

आज माहूलचा तोच कारखाना चालू आहे. समुद्रातल्या तेलाचा काही भाग समुद्राखालच्या नळाने तिकडेच येतो. मुंबईहून मनमाडजवळ पानेवाडीपर्यंत जमिनीखालून तेलाचा नळ आहे. आपल्या नगरजवळ अकोळनेरला तेल कंपन्यांच्या टाक्या आहेत. रस्त्याने जे टँकर दिसतात त्यांतले बरेच तिथे भरतात.

तर मग भाव आता आपण ठरवतो का? पुरता नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून विकत घेतो. १ एप्रिल २००२ पासून १९७६ नंतरची पद्धतही मोडली. कारखान्याच्या दारातला पेट्रोल-डिझेलचा भाव पुन्हा परदेशी बाजाराकडे पाहून धरतात. २०१७ पासून पंपावरचा भाव रोज बदलू शकतो. त्यात तेलाच्या किमतीखेरीज केंद्राचा कर, राज्याचा कर आणि पंपवाल्याचे कमिशन असते.

मालकीची गोष्टही पुन्हा निघाली. भारत पेट्रोलियममधला आपला जवळजवळ ५३ टक्के वाटा विकावा, असे केंद्र सरकारने २०१९ साली ठरवले. खरेदीला पुरेसे गिऱ्हाईक टिकले नाही, म्हणून २०२२ साली ती विक्री रद्द केली. मधल्या काळात शेल परत आली आहे. शिंपल्याची पिवळी पाटी लावलेले तिचे पंप देशातल्या काही शहरांत आणि मोठ्या रस्त्यांवर दिसतात.