निरोप पोचतो, पण दार उघडत नाही

मंडळी, आपल्या धानाच्या मुलखात एक समज पक्का आहे. शुगर होते ती पोट सुटलेल्या माणसाला. बांधीत राबणाऱ्या सडपातळ माणसाला कशाची शुगर? आमचाही तोच समज होता. साठीत पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, पण तेव्हापासून हा विषय वाचत आलो.

भात पचला की रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन साखरेला हाताला धरून पेशीत नेत नाही. ते फक्त निरोप देतं. पेशीच्या आवरणावरचं इन्सुलिन रिसेप्टर हे प्रथिन तो निरोप घेतं आणि आत आयआरएस-१ या प्रथिनावर टायरोसिनच्या जागी फॉस्फेटची खूण करतं. ती खूण पाहून पीआय-३ कायनेज कामाला लागतं, त्यातून एकेटी जागं होतं. शेवटी स्नायूच्या पेशीत आत दडलेलं ग्लुट-४ पृष्ठभागावर येतं. साखरेचं दार ते हेच.

आता बिघाड बघा. स्नायूत, यकृतात नको तिथं चरबी साचली, की दुसरी कायनेज प्रथिनं त्याच आयआरएस-१ वर भलत्या जागी, सेरिनवर, फॉस्फेट चिकटवतात. मग खरी खूण नीट उमटत नाही. इन्सुलिन आहे, रिसेप्टर आहे, तरी साखर बाहेरच. यालाच इन्सुलिन-रोध म्हणतात. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओततं. ते पुरं पडेनासं झालं की मधुमेह.

पण सडपातळ माणसात चरबी कुठली? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासातही हेच दिसलं: आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच.

एक दिलाशाची गोष्ट सांगतो. स्नायू राबला की ग्लुट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतं. म्हणून रोवणी संपली तरी चालणं सोडू नका. आणि अंगानं बारीक आहोत म्हणून तपासणी टाळू नका. आम्ही टाळली होती.