जंतूंपासून जंतुनाशक

गळ्यांत तुळशीची माळ घालणाऱ्या पंढरीच्या मंडळींपुढें कोळंबीचा विषय काढणें म्हणजे धाडसच. परंतु ज्या विरजणानें आपल्या घरीं दहीं लागतें, त्याच्याच भाऊबंदांची ही हकीकत आहे, म्हणून क्षमा असावी.

पालघर, रायगड, रत्नागिरी या बाजूस खाऱ्या पाण्याच्या तळ्यांत कोळंबी पाळतात. तेथें व्हिब्रिओ जातीचे रोगजंतु बळावले, कीं थोड्याच दिवसांत तळें ओस पडतें. औषधें ओतावीं, तर त्यांचा अंश कोळंबींत उतरून परदेशीं माल नाकारला जातो. शिवाय जंतूंस औषधाची संवय होते ती निराळीच. म्हणून बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस असे उपकारक जंतु तळ्यांत सोडण्याची रीत पडली. त्यांतील कांहीं जंतु मारक द्रव्य स्रवतात. तें वेगळें कसें काढावयाचें?

जंतु पौष्टिक द्रवांत एक-दोन दिवस वाढवितात, वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत तळाशीं बसवितात व वरची निवळ घेतात. रोगजंतु पेरलेल्या थाळींत खांच पाडून तींत ही निवळ घालतात; भोंवतीं स्वच्छ कडें उमटलें, तर मारकशक्ति आहे असें समजावें. मात्र येथें घाई नको. रोगजंतु नुसत्या आंबटपणानेंहि मेले असतील! यास्तव प्रथम आंबटपणा मारतात, आणि मग थोड्या निवळींत प्रथिनें पचविणारें द्रव्य घालून पाहतात. त्यानें शक्ति गेली, तर मारक वस्तु प्रथिनजातीची ठरते.

पुढें निवळींत अमोनियम सल्फेट विरघळवितात. आपले उंसाचे बागाईतदार हें खत ओळखतातच. येथें तें शुद्ध प्रतीचें लागतें इतकेंच. क्षार वाढला, म्हणजे प्रथिनांस पाण्यांत राहवत नाहीं. त्यांचा साका खालीं बसतो. तो साका सूक्ष्म छिद्रांच्या पिशवींत भरून पाण्यांत ठेविला, कीं क्षार बाहेर झिरपतो. छिद्रें मोठीं निघालीं, तर क्षाराबरोबर मालहि जातो! शेवटीं राळेच्या कणांनीं भरलेल्या नळींतून द्रव सोडून उरलेलीं द्रव्यें निवडतात. पायरीगणिक शुद्धता वाढते आणि माल घटतो.

दुधांतील जंतूंचें निसिन १९२८ सालीं प्रथम लक्षांत आलें. १९६९ सालीं जागतिक तज्ज्ञमंडळानें तें खाद्यपदार्थांत घालण्यास मान्यता दिली. परंतु व्हिब्रिओच्या अंगावर बाहेरून आणखी एक पडदा असतो व तो भेदणें एकट्या निसिनास जड जातें. बॅसिलसच्या कांहीं जातींचीं द्रव्यें तेथें लागू पडतात, सर्वांचीं नव्हे. म्हणून तळ्यासाठीं डबा घेतांना, यांतील जंतूची परीक्षा कोणत्या रोगजंतूवर केली, हें विक्रेत्यास आधीं विचारावें.