पाव सेकंदाची हाक, तीन दिवसांची वाट

२१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागरातून एक संदेश निघाला, मोजून आठ इंग्रजी शब्दांचा. बोट पाण्यात पुरती उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, उठता येत नाही, एवढाच त्याचा आशय. पाठवणारे होते भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी. 'गोल्डन ग्लोब' या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत 'थुरिया' नावाच्या शिडाच्या बोटीवर ते एकटेच होते. वारा सत्तर नॉटचा, ताशी १३० किलोमीटर. लाटा चौदा मीटर उंचीच्या. ऑस्ट्रेलियातलं पर्थ तिथून १,९०० नॉटिकल मैलांवर, किलोमीटरमध्ये साडेतीन हजार. भूगोलाच्या पुस्तकात भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर दिलेली असते, हे अंतर त्याहून जास्त. आणि मध्ये नुसतं खवळलेलं पाणी.

हे आठ शब्द ज्या वाटेने गेले, तिचे आकडे एकदा मांडून बघण्यासारखे आहेत. टॉमींचं संदेशयंत्र इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांवर चालणारं होतं. जमिनीपासून ७८० किलोमीटर उंचीवर सहा कक्षा आणि प्रत्येक कक्षेत अकरा, असे हे ६६ उपग्रह. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याइतकं दीडशे किलोमीटरचं अंतर वीस सेकंदांत पार. पृथ्वीभोवती एक फेरा शंभर मिनिटांत, दिवसाला चौदा फेरे. पृथ्वीचा पृष्ठभाग आहे ५१ कोटी चौरस किलोमीटर. तो या ६६ जणांत वाटला, तर एकेकाच्या वाट्याला ७७ लाख चौरस किलोमीटर येतात. पंचवीस महाराष्ट्र सहज मावतील एवढा हा तुकडा.

डोक्यावर आलेला उपग्रह जेमतेम सात ते दहा मिनिटं दिसतो आणि क्षितिजाआड जातो. जाता जाता काम मागून येणाऱ्याच्या हवाली करतो. शिवाय प्रत्येक उपग्रह चार शेजाऱ्यांशी जोडलेला असतो: आपल्याच कक्षेतला पुढचा आणि मागचा, आणि बाजूच्या दोन कक्षांतला एकेक. त्यामुळे भर समुद्रातून निघालेला संदेश मध्ये कुठेही जमिनीला न टेकता, उपग्रहांवरून उपग्रहांवर उड्या घेत थेट अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी इथल्या केंद्रात उतरू शकतो.

या जाळ्याच्या पैशाचा हिशेबही चक्रावून टाकणारा आहे. उभारणीवर सुमारे ५०० कोटी डॉलर खर्च झाले. नोव्हेंबर १९९८मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. पुढच्याच वर्षी हा सगळा पसारा अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकला गेला, दोनशे रुपयांचा माल एका रुपयात. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या आकाशात इरिडियमचा एक उपग्रह एका निकामी रशियन उपग्रहावर आदळला. परस्परांच्या तुलनेत त्यांचा वेग सेकंदाला ११.७ किलोमीटर होता, तासाच्या हिशेबात ४२ हजार किलोमीटर. दोन्हींच्या ठिकऱ्या झाल्या, तरी जाळं चालूच राहिलं. २०१७ ते २०१९ या काळात जवळजवळ सगळे जुने उपग्रह बदलून नवे सोडण्यात आले. आज जगभरचे गिर्यारोहक, दर्यावर्दी आणि वैमानिक खिशात जे शंभर ग्रॅम वजनाचं गार्मिनचं यंत्र घालून फिरतात, ते याच ६६ जणांच्या भरवशावर. त्यातून १६० अक्षरांचा संदेश जातो, उत्तर येतं, ठरावीक वेळाने आपण कुठे आहोत ते घरच्यांना नकाशावर दिसतं आणि आणीबाणीचं बटण दाबलं की टेक्सासमधल्या मदतकेंद्रात घंटी वाजते.

टॉमींच्या बोटीवर दुसरंही एक साधन होतं, संकट-बीकन. ते त्यांनी चालू केलं. संदेशयंत्र दुतर्फा बोलतं आणि त्याला महिन्याची वर्गणी लागते. बीकन मात्र एकच काम करतं आणि ते फुकट करतं. ४०६ मेगाहर्ट्झवर दर पन्नास सेकंदांनी अर्ध्या सेकंदाची एक हाक मारायची. हाकेची ताकद पाच वॉट, मजकूर फार तर १४४ बिटांचा: मी अमुक क्रमांकाचं बीकन, अमुक ठिकाणी आहे. खिशातल्या बीकनची बॅटरी किमान २४ तास टिकली पाहिजे असा नियम आहे. चोवीस तासांत अशा १,७२८ हाका होतात. त्या सगळ्या जोडल्या तरी बीकन प्रत्यक्षात पंधरा मिनिटंसुद्धा बोलत नाही. दिवसभरात हाकांवर खर्च होणारी ऊर्जा १.२ वॉट-तास. घरातला नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्यात आठ मिनिटं जळेल.

आणि ऐकणारा कुठे आहे? भूस्थिर कक्षेतला उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. पाच वॉटची हाक सगळ्या दिशांना सारखी पसरते असं धरलं, तर तिथे पोहोचेपर्यंत एका चौरस मीटरवर किती उरते? एका वॉटचे कोटी गुणिले कोटी भाग करा, त्या प्रत्येकाचे पुन्हा बत्तीस करा आणि त्यातला एक उचला. तेवढी! हा कण पकडायचा, त्यातला क्रमांक वाचायचा आणि खाली कळवायचं. खालून वर आणि वरून खाली मिळून बहात्तर हजार किलोमीटर होतात, प्रकाशाच्या वेगाने पाव सेकंद.

पूर्वी नुसती हाक ऐकू येण्यानेही भागत नसे. १२१.५ मेगाहर्ट्झची जुनी बीकनं होती तेव्हा माणूस साधारण वीस किलोमीटरच्या त्रिज्येत कुठेतरी आहे एवढंच कळायचं. शोधायचं क्षेत्र साडेबाराशे चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या दुप्पट. ४०६ मेगाहर्ट्झची बीकनं आल्यावर जवळून धावणाऱ्या उपग्रहाला लहरींच्या वारंवारितेत जाणवणाऱ्या फरकावरून गणित मांडून त्रिज्या पाच किलोमीटरवर आली, क्षेत्र ७८ चौरस किलोमीटर. बीकनमध्येच जीपीएस बसल्यावर त्रिज्या शंभर मीटरच्या आसपास उतरली. आता शोधायचे पावणेआठ एकर. चाळीस हजार पटींनी आक्रसलेलं हे क्षेत्र हाच बचावपथकांचा खरा फायदा, कारण विमानाचं इंधन आणि दिवसाचा उजेड दोन्ही मोजकेच असतात. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांवरून जुनी हाक ऐकणं बंद झालं.

ही व्यवस्था उभी केली अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून, तीही ऐन शीतयुद्धात. नाव कॉस्पास-सारसॅट. पहिला उपग्रह सोव्हिएत, ३० जून १९८२ रोजी सोडलेला. त्याच सप्टेंबरात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एक छोटं विमान पडलं आणि या सोव्हिएत उपग्रहाने टिपलेल्या हाकेमुळे तिघं वाचले. तेव्हापासून २०२१ अखेरपर्यंत या व्यवस्थेच्या मदतीने सुटका झालेल्यांचा आकडा ५७ हजारांच्या वर गेला. एकोणचाळीस वर्षांची सरासरी काढली तर दिवसाला चार माणसं. भारतही यात सहभागी आहे. आपलं नियंत्रण केंद्र बंगळूरला, इस्रोकडे.

हे सगळं नव्हतं तेव्हा काय होतं, ते याच शर्यतीच्या पहिल्या आवृत्तीत दिसतं. १९६८मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश खलाशी 'सुहैली' या बत्तीस फुटी बोटीने निघाले. ही बोट मुंबईत बांधलेली. रेडिओ बिघडला आणि न्यूझीलंड सोडल्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ त्यांचा जगाला पत्ताच नव्हता. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी ते परतले. निघालेल्या नऊ जणांत शर्यत पुरी करणारे ते एकटेच. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट हे स्पर्धक आपण जिथे नव्हतोच तिथले ठावठिकाणे रेडिओवरून कळवत राहिले आणि ते पडताळण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं. २०१८च्या आवृत्तीत बोटी जुन्याच पद्धतीने हाकायच्या होत्या. होकायंत्र आणि सेक्स्टंट चालेल, जीपीएस मोहोरबंद पेटीत. 'थुरिया'सुद्धा 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली. ट्रॅकर आणि संदेशयंत्र मात्र सक्तीचं. पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं चालेल, पण पन्नास वर्षांपूर्वीचं बेपत्ता होणं चालणार नाही, असा आयोजकांचा हिशेब.

तो हिशेब बरोबर निघाला. संदेश मिळाल्यावर कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन बचाव केंद्राने सूत्रं हाती घेतली. या केंद्राच्या जबाबदारीचं क्षेत्र आहे ५.३ कोटी चौरस किलोमीटर, पृथ्वीच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा. भारतीय नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडालं आणि त्याने मोडक्या डोलकाठीची बोट हेरली. पण विमान समुद्रावर उतरून माणूस उचलू शकत नाही. 'ओसिरिस' हे फ्रेंच मत्स्यगस्ती जहाज टॉमींपाशी पोहोचलं ते २४ सप्टेंबरला. त्यांना ॲमस्टरडॅम बेटावर नेण्यात आलं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. हाक आकाशात जाऊन परत यायला पाव सेकंद. माणूस पोहोचायला सुमारे तीन दिवस, म्हणजे अडीच लाख सेकंद. गुणोत्तर दहा लाखांचं. उपग्रहांनी पहिला आकडा जवळजवळ शून्यावर आणला. दुसरा आकडा जहाजाचा वेग, हवामान आणि अंतर ठरवतं आणि त्या मधल्या वेळात तग धरायची ती त्या माणसानेच. टॉमींनी धरली. कण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२२च्या शर्यतीत उतरून २३६ दिवसांत त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला.

हे गणित आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. शोध आणि बचावासाठी भारताकडे ४६ लाख चौरस किलोमीटर समुद्र आहे, देशाच्या भूभागापेक्षा मोठा. २०१७च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ मच्छिमारांसह सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला आल्या. हे पोहोचले म्हणून कळलं. जे पोहोचले नाहीत त्यांच्या घरच्यांना कितीतरी दिवस काहीच कळत नव्हतं, कारण किनारा दूर गेला की मोबाइल हा नुसता डबा होतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एका योजनेचा प्रारंभ झाला: तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाधारित ट्रान्सपॉन्डर, खर्च ३६४ कोटी रुपये. भागाकार केला तर बोटीमागे ३६,४०० रुपये, आणि मच्छिमाराला ते मोफत. तांडेलाला खोल समुद्रातून मजकूर पाठवता येतो, वादळाचा इशाराही मिळतो. 'परत फिरा' हा इशारा वेळेत मिळाला तर जहाज धाडायची पाळीच येत नाही. दहा लाखांच्या त्या गुणोत्तरावर एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

डोंगरात किंवा परदेशी भटकणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भारतात उपग्रह फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, मग ते शंभर ग्रॅमचं का असेना. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशाला ताब्यात घेण्यात आलं होतं. अमेरिकेतून किंवा ऑस्ट्रेलियातून सुट्टीला येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना तिकीट काढतानाच सांगा, ते यंत्र घरी ठेवून ये. परदेशात बीकन वापरत असाल तर त्याची नोंदणी करा आणि नोंदणीत दिलेला फोन नंबर चालू ठेवा. नोंदणी फुकट असते आणि हाक आली की केंद्र पहिला फोन त्याच नंबरावर लावतं. आपल्याकडे समुद्रात कुणी अडचणीत असल्याचं कळलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, बाकी कुठेही ११२. आणि सह्याद्रीत निघा की हिमालयात, कुठल्या वाटेने जाणार, कधी परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे कागदावर लिहून घरच्यांच्या हातात द्या.